दारू सोडायचीय? नागपुरात मीटिंग कशी शोधायची, आणि दुसऱ्यांदा का जायचं

"उद्यापासून बंद" असं काल रात्री पुन्हा म्हटलंत आणि आज संध्याकाळ जवळ आली तसा जीव खालीवर व्हायला लागला, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. घरातलं कुणीतरी असं आहे आणि काय करावं ते कळत नाही, तर तुमच्यासाठीही आहे. लिहिणारा स्वतः मद्यपाशी, म्हणजे दारूच्या पाशात अडकलेला माणूस आहे आणि नागपुरातच मीटिंगला बसतो. आमच्याकडे छापील जागी नाव न देण्याची परंपरा आहे, म्हणून नाव नाही.

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे 'एए'ची मीटिंग. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. दारू थांबवायची इच्छा ही एकच अट. "हे नुसतं बोलून काय होतं?" असं विचारणाऱ्यांसाठी एक सांगतो. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र तपासली. सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि माणसाला एएशी जोडून देणारे उपचार इतर रूढ उपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी त्यांच्याहून सरस ठरले. तरीही २०१९ च्या केंद्र सरकारच्या देशव्यापी पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ माणसांमागे एकालाच कुठलीतरी मदत मिळाल्याचं दिसलं. मदत आहे, पण माणूस तिथवर पोचत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या मीटिंगला माणूस कसाही येतो. बायको आणते, मालक पाठवतो, भीतीने येतो. फरक पडतो तो दुसऱ्या मीटिंगपासून. त्यामुळे तयारी करायची ती दुसऱ्यांदा जाण्याची. खाली सांगितलेलं सगळं त्याच हिशेबाने वाचा.

मीटिंगच्या आधी डॉक्टर, जर रोजची असेल तर

हा भाग कृपा करून गाळू नका. महिनोन्महिने रोज पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी उताऱ्याच्या घोटाशिवाय ज्याचे हात स्थिर राहत नाहीत त्याने, घरच्या घरी झटक्यात बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलताना ऐकू येतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. वॉर्डात याला 'डीटी' म्हणतात, डिलिरियम ट्रेमेन्सचं ते आखूड नाव. आपल्याकडे घरचे लोक अशा वेळी "बाहेरचं काहीतरी लागलं" म्हणून अंगारा आणायला धावतात. अंगारा नंतर आणा. आधी १०८ ला फोन करा, कारण यात माणूस दगावतो आणि वेळेत उपचार मिळाले तर वाचतो.

नागपुरात यासाठी फार फिरावं लागत नाही. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं, दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. कोराडी रोडवर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. ओपीडीचे नवे कागद सकाळीच निघतात, म्हणून लवकर पोचा आणि आधार कार्ड सोबत ठेवा. "मनोरुग्णालय" या पाटीखालून जायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पण तिथल्या डॉक्टरांसाठी दारूचा पेशंट ही रोजची गोष्ट आहे, त्यांना तुमचं नवल वाटणार नाही.

डॉक्टरांना खरा आकडा सांगा. सगळे "दोन-तीन पेग" म्हणतात. रोज खंबा, म्हणजे पूर्ण बाटली लागत असेल तर खंबा सांगा, देशीच्या क्वार्टर किती ते सांगा, मोहाची असेल तर तेही. शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, शुगर-बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं सांगा. थरथर आणि फिट रोखणारी औषधं किती द्यायची ते त्यावरच ठरतं. कमी सांगितलं तर औषध कमी पडतं आणि तिसऱ्या रात्री त्रास उलटतो. बी-१ म्हणजे थायमिन देतात, कारण दारूने त्याचा साठा संपलेला असतो आणि त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मेडिकल स्टोअरवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून हे घरी करू नका.

आता घरच्यांसाठी, आणि हे मी हात जोडून सांगतो. "न सांगता भाजीत मिसळा, दारू सुटेल" अशा जाहिरातींची पावडर आणू नका. डायसल्फिराम नावाची गोळी खरी आहे, डॉक्टर देतातही, पण ती घेणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीने आणि दारू पूर्ण थांबल्यावरच. ती पोटात असताना दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच. हृदय कमजोर असेल तर तो उठणारही नाही. आणि जाहिरातीतल्या पुडीत नेमकं काय आहे ते कोणीच सांगत नाही.

भरती करायची वेळ आली तर केंद्राला दोन प्रश्न विचारा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? आणि मानसोपचारतज्ज्ञ नेमके कधी येतात? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूमुळे होणारे मानसिक विकारही येतात, आणि पेशंटला साखळीने बांधणं त्या कायद्याने बंद केलं आहे. गाडी पाठवून माणूस उचलून नेतो असं कोणी सांगितलं, तर तिथे पेशंट देऊ नका.

मीटिंग शोधणं

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एए इंडियाचं संकेतस्थळ. शहर निवडलं की ग्रुपचं नाव, वार, वेळ आणि संपर्काचा नंबर मिळतो. मोबाइलवर जमत नसेल तर मेडिकल किंवा मेयोच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षकांना विचारा, त्यांच्याकडे जवळच्या ग्रुपची माहिती असते. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट. १४४१६ ही टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, तिथे दिवसरात्र मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, मरून जावं असं वाटतं, तेव्हा हा दुसरा नंबर लावा.

यादीवर पत्ता दिसला म्हणून थेट निघू नका. आधी फोन करा. ग्रुपच्या जागा बहुतेक उसन्या असतात, शाळेचा वर्ग, चर्चच्या आवारातली खोली, समाजभवन. परीक्षा लागली, दिवाळीची सुट्टी आली, हॉल लग्नाला दिला, की मीटिंग सरकते. बंद गेटसमोर उभा राहिलेला नवा माणूस घरी जात नाही. तो कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे.

फोनवर काय बोलायचं, यावर लोक दोन-दोन आठवडे अडतात. एवढंच म्हणा: "नमस्कार, मला दारूचा त्रास आहे. मीटिंगला यायचं आहे." पलीकडचा माणूस बहुधा स्वतः मद्यपाशीच असतो. तो उपदेश करत नाही, नावही विचारेलच असं नाही. मग विचारा: आज मीटिंग नक्की आहे का, खूण काय, गाडी कुठे लावायची, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. ओपन मीटिंगला घरचं कुणी सोबत बसू शकतं, क्लोज्डला फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे ते बसतात. भाषेची काळजी करू नका. नागपुरात माणूस मराठीत सुरू करून हिंदीत संपवतो, मीटिंगमध्येही तसंच चालतं. बाई असाल तर त्या ग्रुपमध्ये बायका येतात का ते जरूर विचारा, आणि एखाद्या बाई सदस्याशी आधी फोनवर बोलायचं आहे असं सांगा. बायकांनी पिणं आपल्याकडे इतकं झाकून ठेवतात की मदत शोधणंही झाकून करावं लागतं. एका ठिकाणी जमलं नाही तर ऑनलाइन मीटिंग आहेत, कॅमेरा बंद ठेवून ऐकता येतं.

शेवटचं विचारा: "पहिल्या दिवशी मला कोणी गेटवर भेटेल का?" जवळपास नेहमी उत्तर हो असतं.

कोणता ग्रुप निवडावा

वेळेवरून निवडा. ज्या वेळेला तुमची बसायची वेळ, त्याच वेळेची मीटिंग घ्या. सात वाजले की पाय बारकडे वळत असतील तर संध्याकाळी सातची मीटिंग. रविवारी सकाळची सोयीची वाटते, पण रविवारी सकाळी तुम्हाला प्यायचं नसतंच.

ओळखीचं कोणी भेटेल ही भीती खरी आहे. आपलं नागपूर असं की महालातला माणूस जरीपटक्यात शिंकला तरी मेव्हण्याला कळतं. तर सुरुवातीला लांबचा ग्रुप घ्या. मेट्रोने हे सोपं केलं आहे. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत एक लाइन, लोकमान्य नगरहून प्रजापती नगरपर्यंत दुसरी, दोन्ही सीताबर्डीला मिळतात. हिंगणा रोडवर राहणारा पूर्व नागपुरातल्या मीटिंगला आरामात जाऊन येतो. आणि ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणाने तिथे बसलेला असतो.

जाताना-येताना नेहमीचा चौक टाळा, मग दोन किलोमीटरचा फेरा पडला तरी चालेल. पहिले काही आठवडे खिशात आणि मोबाइलवर पैसे कमी ठेवा. उपाशी पोटी जाऊ नका. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींत पिण्याची ओढ उसळते. भूक तेवढी आपल्या हातात आहे, सहाला पोहे खाऊन निघा.

खोलीत काय होतं

दारात चपला. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला अडकवलेले दोन कापडी फलक, एकावर बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून दूर राहण्याचा एएचा मार्ग, आणि दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे ग्रुप कसा चालवायचा त्याचे नियम. कोपऱ्यात चहाचा थर्मास. कोणीतरी पुढे येऊन हात मिळवेल आणि विचारेल, "पहिल्यांदाच का?" नुसतं "हो" म्हणा. दरवाजाजवळची खुर्ची हवी असेल तर तिथे बसा.

सुरुवातीला क्षणभर शांतता, मग प्रस्तावना आणि पायऱ्यांचं वाचन. त्यानंतर एकेक जण बोलतो: "नमस्कार, मी अमुक, मी एक मद्यपाशी." सगळे त्याच्या नावाने नमस्कार करतात. बोलण्यामध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, "तू असं करायला पाहिजे होतं" म्हणत नाही. ज्याच्या घरात वर्षानुवर्षं फक्त भांडणच ऐकू आलं, त्याला पाच मिनिटं अडथळ्याशिवाय बोलायला मिळणं म्हणजे काय, ते तिथेच कळतं.

कोण काय बोलला ते मी लिहिणार नाही, ते खोलीतच राहतं. पण कशाबद्दल बोलतात ते सांगतो. कुलरच्या मागे लपवलेली क्वार्टर. गाडीच्या डिक्कीत टूलकिटखाली ठेवलेली बाटली. सोनाराकडे गेलेली बायकोची पोत. मुलीच्या शाळेत गेल्यावर बाईंच्या नजरेला नजर न देता येणं. सकाळी आरशासमोर दाढी करताना थरथरणारा हात. तुम्हाला वाटत होतं की हे फक्त तुमच्याच घरात घडलं. समोरचा माणूस तेच सांगतो, आणि तो नीट कपडे घालून, शुद्धीत, चहा पिताना सांगतो.

तुमची पाळी आली तर दोन वाक्यं पुरे. "मी आज पहिल्यांदा आलोय. आज फक्त ऐकतो." "मी मद्यपाशी" असं म्हणायची सक्ती नाही. मध्येच एक डबा किंवा पिशवी फिरते. कोणी दहा टाकतं, कोणी पन्नास. त्यातून जागेचं भाडं आणि चहा निघतो. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत. नवा असाल तर डबा पुढे द्या, कोणी बघत नाही. तास-दीड तासाने प्रार्थना होऊन मीटिंग संपते.

पिऊन गेलं तर? बहुतेक ठिकाणी शांत बसून ऐकू देतात, फक्त बोलायला देत नाहीत. गाडी मात्र चालवू नका, ऑटोने जा. प्यायलेल्या अवस्थेत गेलेलं न जाण्यापेक्षा बरं.

देवाचा प्रश्न

पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे आणि नागपुरात अनेकजण तिथेच अडतात. तो प्रश्न मला हलक्यात घ्यायचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात देव न मानण्याच्या प्रतिज्ञा आहेत आणि "मी दारू पिणार नाही" हीसुद्धा आहे. ज्या घरात त्या भिंतीवर लावलेल्या असतात त्या घरातला माणूस पितो तेव्हा त्याला दुहेरी जाळतं. प्रतिज्ञा मोडल्याची लाज, आणि मदत मागायला जावं तर तिथे प्रार्थना. अशा माणसाला मी सांगतो की पायऱ्यांमध्ये "आपल्याला समजेल तसा" असेच शब्द आहेत. अनेक जण त्या जागी फक्त ग्रुप ठेवतात: मी एकटा थांबू शकलो नाही, हे दहा जण मिळून थांबवतात, म्हणून ही माझ्याहून मोठी ताकद. प्रार्थनेला नुसतं उभं राहिलं तरी चालतं. नमाज पढणारा, गुरुद्वारात जाणारा, काहीच न मानणारा, सगळे त्याच खुर्च्यांवर बसतात. दारू थांबवण्याची इच्छा आणि ती प्रतिज्ञा यांत मला तरी अंतर दिसत नाही.

खोलीतून निघण्याआधी

आता दुसऱ्या मीटिंगची तयारी. ही इथेच, चहा हातात असताना होते. घरी गेल्यावर होत नाही.

किमान दोघांचे फोन नंबर घ्या, पुरुषाने पुरुषांचे, बाईने बाईचे. मग दुसऱ्या दिवशी दुपारी, ओढ नसताना, त्यातल्या एकाला फोन करा. "काल भेटलो होतो, सहज केला" एवढंच. खऱ्या वेळी, बारच्या पायरीवर उभं राहून अनोळखी नंबर लावायला हात धजत नाही. एकदा बोलून झालेल्या नंबराला धजतो. "परत मीटिंग कधी?" हे विचारा आणि ज्याला विचारलं त्यालाच म्हणा, "मी येतोय." एका ग्रुपच्या मीटिंग आठवड्यातून दोन-तीनच असतील, तर मधल्या दिवशी दुसरा ग्रुप विचारून घ्या. नव्याने पहिले तीन महिने जमेल तितक्या मीटिंग कराव्या असं जुने सांगतात, आणि ते बरोबर सांगतात.

पहिला ग्रुप आवडला नाही असं होतं. कोणी फार लांबण लावतं, कोणाचा स्वर खटकतो. तेवढ्यावरून एए नको असं ठरवू नका, दोन-तीन ग्रुप बसून पाहा.

काही आठवड्यांनी स्पॉन्सर शोधा. बराच काळ दारूपासून दूर असलेला, पायऱ्या केलेला, ज्याला तुम्ही खरं सांगू शकाल असा माणूस. तो डॉक्टर नाही, त्याच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्याच्याशी पैशाचे व्यवहारही करायचे नाहीत, ना उसने मागायचे ना द्यायचे.

बाहेरचं जग

"काऊन बे, आज घेत नाही का? एकच घे नं." हे ऐकावं लागेल. लांब खुलासा देऊ नका. "डॉक्टरनं बंद केली" म्हणा आणि हातात सोडा किंवा लिंबूपाणी धरा, रिकामा हात दिसला की लोक भरायला येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर, होळी, मित्राच्या लग्नातली आदली रात्र, सावजीच्या पार्ट्या, हे दिवस आधीच स्पॉन्सरशी बोलून ठेवा. पहिल्या वर्षी काही ठिकाणी गेलं नाही तर नातं तुटत नाही. जावंच लागलं तर स्वतःच्या गाडीने जा, म्हणजे हवं तेव्हा निघता येतं.

औषधाच्या बाटल्या वाचा. काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं, आणि द्राक्षासव, अशोकारिष्ट अशा आसव-अरिष्टांत ते आंबवण्यातून तयार होतंच. वैद्यांना आधी सांगा, ते दुसरं काही देतात.

आणि घसरलात तर? त्याला आमच्यात 'स्लिप' म्हणतात. खोलीतल्या पुष्कळांची झालेली असते. लाजेने घरी बसून राहिलं की एका रात्रीची स्लिप महिन्याची होते. पुढच्याच मीटिंगला जाऊन सांगा. पुन्हा रोजची सुरू झाली असेल तर बंद करताना परत डॉक्टर लागेल, मागच्या वेळी त्रास झाला नव्हता म्हणून या वेळी होणार नाही असं नसतं.

घरच्यांनी

तुमच्यासाठी वेगळी बैठक आहे, अल-ॲनॉन, १९५१ पासूनची. पिणारा मीटिंगला जात नसला तरी बायको, आई, भाऊ, मुलं जाऊ शकतात. तिची माहिती एएच्या सदस्यांकडूनही मिळते. आधी तुम्ही गेलात तरी चालेल, घरात बदल कुणा एकापासून तर सुरू व्हायला हवा.

तो पहिल्या मीटिंगहून येईल त्या रात्री तोंडाचा वास घेऊ नका आणि "काय सांगितलं तिथे?" असं खोदून विचारू नका. जेवण वाढा. त्याच्या ऑफिसला "ताप आहे" असा खोटा फोन करणं, उधारी फेडणं, हे मात्र आजपासून थांबवा. हात उचलत असेल तर त्याच्या बरं होण्याची वाट पाहत घरात थांबू नका. मुलांना घेऊन माहेरी किंवा शेजारी जा आणि ११२ लावा. आणि पुढच्या मीटिंगचा दिवस कॅलेंडरवर त्यालाच लिहू द्या. त्या संध्याकाळी घरात दुसरं काही ठरवू नका, पाहुणे नाहीत, गॅसचा नंबर नाही, मुलाची ट्यूशन नाही, म्हणजे सात वाजता तो चप्पल घालेल तेव्हा त्याला थांबायला कारण उरणार नाही.